रक्तपेढीतली रात्रपाळी



रक्तपेढी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे शिबिरातली खाट, चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र येते. आमचे काम त्यानंतर सुरू होते. पिशवी प्रयोगशाळेत आली की एच.आय.व्ही., ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांची तपासणी होते. रक्तगट दोन बाजूंनी ठरवतात, एकदा पेशींवरून आणि एकदा सीरमवरून. मगच ती पिशवी वापरायच्या कपाटात जाते.

वॉर्डातून मागणी आली की नातेवाईक खिडकीशी येतात. "रक्त फ्रीजमध्ये आहे ना, मग द्या की!" त्यांचा राग आम्हाला कळतो. पण रुग्णाचे सीरम आणि पिशवीतल्या पेशी जुळवून पाहायला पाऊण तास ते तासभर लागतो. ही जुळणी का टाळू नये, याचा धडा मुंबईनेच जगाला दिला आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक गट दाखवून दिला, की जो वरवर तपासला तर 'ओ' वाटतो, पण त्या रुग्णाला 'ओ' रक्त चालत नाही. त्याला आजही बॉम्बे रक्तगट म्हणतात.

असे रुग्ण विरळा. रोजची भीती आहे ती चिठ्ठीची. एकाच आडनावाचे दोन रुग्ण, दोन नळ्या, आणि फोन वाजतोय. आर.एम.एस.मध्ये पत्र चुकीच्या थैलीत पडले तर उशिरा का होईना, परत फिरते. आमची पिशवी एकदा शिरेत गेली की परत येत नाही. म्हणून एकाने वाचायचे, दुसऱ्याने पडताळायचे, असा शिरस्ता. स्टेशनमास्तर एकट्याच्या मर्जीने गाडी सोडत नाही, पुढच्या स्टेशनचा लाइन क्लिअर घेतो. आमच्याकडे रात्री तो दुसरा माणूसच नसतो! नोंदणी, फोन, जुळणी, खिडकीवरची भांडणे, सारे एकाच तंत्रज्ञाच्या अंगावर. रिक्त जागा भरत नाहीत. कित्येक जण अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. सुई टोचण्याचा धोका कायम आणि कंत्राटी दोघांनाही सारखाच, पण काविळीची लस कंत्राटी कामगाराला मागून घ्यावी लागते. प्रत्येक पाळीत दोन तंत्रज्ञ आणि सर्वांना लस, एवढीच आमची मागणी आहे. ती आमच्यापेक्षा खाटेवरच्या रुग्णाची जास्त आहे.

आता तुमच्याकडे वळतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे बंद झाले. ते योग्यच झाले. तेव्हापासून सारी मदार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आणि नातेवाइकांवर आहे. तुमच्या शाखा १ मे रोजी मोठी शिबिरे भरवतात, त्याबद्दल आभार. पण नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच दिवशी ढीग आला तर त्यातले काही टाकून द्यावे लागते, आणि दिवाळीच्या सुटीत कपाट रिकामे असते. (टाकताना हात कसा जड होतो, ते काय सांगावे!) तेव्हा लोको शेड, कारखाना, सॉर्टिंग ऑफिस यांनी आपसांत महिने वाटून घ्यावेत. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते, त्या हिशेबाने तारखा ठरवाव्यात. आणि प्रत्येक शाखेच्या चिटणिसाकडे 'ओ निगेटिव्ह' सभासदांची यादी असावी, रात्री दोनलाही फोन उचलतील अशांची.