रुग्णशय्येजवळची शाळा
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींचा आज येथे गौरव झाला. त्या शिक्षणासंबंधी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले निवृत्त शिक्षक; वैद्यकातले आम्हांस काय कळणार? परंतु आमची नात हेच शिक्षण घेत आहे आणि या वयात तिने आम्हांस एक धडा दिला.

निरोगी माणसाच्या नाडीचे मिनिटास ७२ ठोके पडतात, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. नातीने पहिल्याच आठवड्यात वॉर्डातील एका वृद्धाच्या तक्त्यावर अंदाजाने तोच आकडा मांडला. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिची बोटे रुग्णाच्या मनगटावर ठेवून घड्याळाप्रमाणे पूर्ण मिनिट मोजावयास लावले. ठोके ११० भरले, तेही अनियमित! लगेच डॉक्टरांस बोलावणे गेले. घरी येऊन ती म्हणाली, "आबा, ७२ पुस्तकात असतात; माणसात मोजावे लागतात."

हेच त्या शिक्षणाचे मर्म होय. भिवंडीकरांस ते परके नाही. तुटलेला धागा सांधावयास कोणी पुस्तकातून शिकला नाही. जाणत्या कारागिराशेजारी मागावर उभे राहूनच ते अंगी येते. मात्र मागावर चुकले तर कापड बिघडते, येथे जीव जातो. म्हणून आधी पाहणे, मग ज्येष्ठांच्या नजरेखाली करणे व केलेले तत्काळ नोंदणे, असा येथे क्रम आहे.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात हे शिक्षण घेऊ लागल्या. परक्याची शुश्रूषा करणे कुलीन घरांस कमीपणाचे वाटे, असा तो काळ. आज आपण तसे म्हणत नाही. पण रात्रपाळीस हरकत घेतो. आम्हीही नातीस रात्रपाळी नको म्हणून अर्ज लिहिला होता. तिने तो वाचून परत दिला. "आबा, दम्याचा रुग्ण पहाटे घुसमटतो. तेव्हा मी घरी निजले असेन, तर शिकणार केव्हा?" आम्ही अर्ज फाडला.

ज्या गावी आपले मुलगे रात्रपाळीस मागावर उभे राहतात, त्या गावी मुलींच्या रात्रपाळीचा संकोच कशाला? त्यांना जाता-येता सोबत द्यावी, घरी आल्यावर झोपू द्यावे, घरकामास जुंपू नये. सत्काराच्या हारापेक्षा त्यांस याची गरज अधिक आहे.