फाटे कसे फुटतात

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराचे, जुने देऊळ आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा 1669 सालचा शिलालेख तिथे आहे. आता अशी कल्पना करा, की शे-दोनशे माणसांच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी सरळ प्रश्न टाकला, ‘हे देऊळ कधी बांधले?’ एकजण लिहितो, 1669. दुसरा त्यावरून म्हणतो, म्हणजे मराठ्यांनी बांधले. तिसऱ्याला हे पटत नाही. व्यंकोजी तर आदिलशहाचे सरदार, 1677 च्या दक्षिणेच्या स्वारीत महाराजांशी त्यांचे बिनसलेच होते. मग शहाजीराजे येतात, त्यांना मिळालेली बंगळूरची जहागीर येते. जहागीर म्हटल्यावर कुणीतरी आठवण करून देणारच, की शहर 1537 मध्ये केंपेगौडांनी वसवले. शहर कुणाचे यावरून त्याचे नाव कोणते, हा वाद. कर्नाटकाने 1 नोव्हेंबर 2014 रोजी बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली, त्यांत बंगळूरचे बेंगळुरू झाले आणि त्याच यादीत बेळगावचे बेळगावी. बेळगाव निघाले, की सीमावादावरचा महाजन आयोग आणि त्याचा 1967 चा अहवाल फार लांब नसतो. तिथून पुढे काय होते ते सांगायला नको.

या साखळीतला प्रत्येक दुवा मागच्याला नीट जोडलेला आहे. कुणी वेडेवाकडे बोललेले नाही, कुणी मुद्दाम फाटा फोडलेला नाही. प्रत्येकजण आधीच्या बोलण्याला धरूनच बोलला, आणि तरी सगळे मिळून एका जुन्या देवळापासून सीमाप्रश्नापर्यंत पोचले. संभाषणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले होते, की सुरळीत चाललेल्या गप्पांत विषय सहसा तोडून बदलला जात नाही, तो पायरीपायरीने सरकतो. तेव्हा ‘लोकांना मुद्द्यावर राहता येत नाही’ ही आपली नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. लोक मुद्द्यावरच असतात. पण तो शेवटच्या माणसाचा मुद्दा असतो.

यावर कुणी म्हणेल, कट्ट्यावरच्या गप्पाही अशाच भरकटतात, मग फोनवरच्या चर्चेलाच का बोल लावायचा? भरकटतात हे खरेच. पण समोरासमोर बसलेल्या माणसांजवळ परतीची सोय असते. एकजण बोलत असताना बाकीच्यांचे चेहरे दिसतात, हुंकार ऐकू येतात. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत असे आढळले, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ जातो. इतक्या घट्ट विणीत ‘ते राहू दे, देवळाचे काय झाले?’ असे कुणी सहज विचारू शकतो, आणि सगळ्यांना ते एकाच क्षणी ऐकू येते. सुसान हेरिंग या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1999 मध्ये संगणकावरच्या लेखी संभाषणाच्या दोन अडचणी नोंदवल्या. एक म्हणजे प्रश्न आणि त्याचे उत्तर शेजारीशेजारी राहत नाहीत, मध्ये भलतेच मजकूर येऊन बसतात. आणि दुसरी, ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया बोलणाऱ्याला बोलतानाच मिळत नाही. आपण चार ओळी लिहीपर्यंत सहा निरोप येऊन गेलेले असतात. जो संध्याकाळी ऑफिसातून सुटून गट उघडतो त्याच्यापुढे ऐंशी निरोप साचलेले. तो तळाचे पाच वाचतो आणि त्यांना उत्तर देतो. पहिला प्रश्न त्याने पाहिलेलाच नसतो. त्याला विषयांतराचा दोष कसा द्यायचा?

परंतु एवढ्याने चर्चा का सरकते ते कळले, कुठे सरकते ते कळले नाही. माझ्या मते खरी गोम दिशेत आहे. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात एका समितीचे चित्र रंगवले आहे. एक कोटी पौंडांची अणुभट्टी ती समिती अडीच मिनिटांत मंजूर करते, आणि 350 पौंडांच्या सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण छप्पर सगळ्यांना कळते. देवळाच्या प्रश्नातही असेच घडते. देऊळ कधीचे हे ठरवायला लेख वाचावा लागतो, शहर कुणाचे हे ठरवायला काहीच वाचावे लागत नाही. पण पार्किन्सन यांच्या समितीत नसलेली आणखी एक गोष्ट इथे घडते. समजा, गटातल्या एखाद्याने शांतपणे लिहिले, की इनाम दिले त्या अर्थी देव तिथे आधीपासून होता; तेव्हा 1669 हे बांधणीचे साल नव्हे, देऊळ त्यापूर्वीचे आहे एवढेच लेखावरून म्हणता येते. उत्तर नेमके आहे, पुराव्याला धरून आहे, आणि म्हणूनच त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. फार तर एक अंगठा मिळतो. पुढचे सगळे निरोप मात्र ‘मराठ्यांनी बांधले’ या वाक्याचे वंशज, कारण त्याला खोडून काढता येते. चर्चा उत्तरांकडे वाहत नाही, प्रत्युत्तरांकडे वाहते. जितके अधिक निरोप, तितकी ही चाळणी जास्त वेळा लागते, आणि शेवटी चाळणीवर उरतो तो ज्यावर कुणाचेच समाधान होणार नाही असा विषय. अमेरिकी वकील माइक गॉडविन यांनी 1990 मध्ये अर्ध्या थट्टेने मांडलेला नियम असा, की संगणकावरची चर्चा जितकी लांबत जाईल तितकी तिच्यात हिटलरशी तुलना होण्याची शक्यता वाढत जाते. मराठी-कानडी मंडळींच्या चर्चेत हिटलरची गरज पडत नाही, आपल्याकडे बेळगाव आहे.

काहींचे म्हणणे असते, की हे सगळे मूठभर खोडसाळ लोक करतात. त्यांना काढून टाका, की चर्चा रुळावर येईल. खोडसाळपणा जुना आहे यात शंका नाही. न्यायसूत्रे या प्राचीन तर्कग्रंथात वादात हरल्याची जी बावीस निग्रहस्थाने दिली आहेत, त्यांत अर्थांतर हे एक आहे, म्हणजे चालू मुद्दा सोडून भलतेच बोलणे. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात त्याचे दिलेले उदाहरण मोठे मजेचे आहे. शब्द नित्य आहे असे सिद्ध करायला निघालेला वादी आपला हेतू सांगतो आणि लगेच ‘हेतु’ हे पद कोणत्या धातूपासून, कोणता प्रत्यय लागून झाले, त्याचे व्याकरण सांगू लागतो. हा माणूस हरत आला आहे म्हणून पळवाट काढतो आहे, आणि त्याला पकडायला समोर प्रतिवादी आहे, मध्यस्थ आहे. आपल्या देवळाच्या साखळीत कुणीच हरत आलेले नव्हते. दोन-चार माणसे काढली असती, तरी उरलेल्या सज्जनांनी तोच प्रवास थोड्या सावकाश केला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विषय ठरवतो कोण? 2023 च्या सुरुवातीला मल्लेश्वरमजवळच्या सँकी तलावालगतचा रस्ता रुंद करून तिथे उड्डाणपूल बांधण्याच्या योजनेला रहिवाशांनी विरोध केला. तलाव 1882 चा, रिचर्ड सँकी या ब्रिटिश अभियंत्याच्या पुढाकाराने झालेला. काठावर जुनी झाडे. अशा वेळी योजना आखणाऱ्याच्या दृष्टीने विषय असतो पूल कसा बांधायचा हा, आणि पूल हवाच कशाला, गाड्याच कमी का करू नयेत, असे विचारणारा माणूस त्याला विषय सोडून बोलणारा वाटतो. म्हणजे ‘मुद्द्यावर या’ हे वाक्य पुष्कळदा नको असलेला प्रश्न दडपायला वापरले जाते. हे मान्य केलेच पाहिजे. पण या उदाहरणात आणि देवळाच्या उदाहरणात एक फरक आहे. ‘कसा’ सोडून ‘कशाला’ विचारणाऱ्याने आपण प्रश्न बदलतो आहोत हे उघड सांगितलेले असते. जुन्या प्रश्नापेक्षा नवा आधी का सोडवायला हवा याचे कारणही तो देतो. त्याच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, त्याला उत्तर देता येते. देवळाच्या चर्चेत प्रश्न पाच वेळा बदलला आणि बदलला हे कुणीच बोलले नाही.

हे बोलून दाखवण्याची सोय संसदेत आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतला 356 वा नियम असंबद्ध बोलत राहणाऱ्या किंवा तेचतेच सांगणाऱ्या सदस्याला थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांना देतो. पण त्याआधी त्याच्या वागण्याकडे सभागृहाचे लक्ष वेधावे लागते. ही मधली पायरी आपल्या गटांत नाही. तिथल्या अ‍ॅडमिनला माणूस काढता येतो, निरोप पुसता येतो, आणि भांडण हाताबाहेर गेल्यावर तो तेच करतो. चर्चा कुठून कुठे आली आहे हे मध्येच मोठ्याने सांगण्याचे काम मात्र त्याच्याकडे कुणी दिलेले नाही. साधन आहे. डिसेंबर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा निरोप वर टाचून ठेवता येतो, एक दिवस, सात दिवस किंवा तीस दिवस. तिथे बहुधा गटाची नियमावली टाचलेली असते, नाहीतर एखाद्या कार्यक्रमाची पत्रिका. त्या जागी विचारलेला मूळ प्रश्न ठेवला, त्याच्याखाली आतापर्यंत मिळालेले उत्तर एका ओळीत लिहिले, आणि प्रश्न बदलायचा असेल तर तो बदललेला प्रश्न तिथे लिहूनच बदलायचा एवढे ठरवले, तरी संध्याकाळी ऑफिसातून येऊन तळाचे पाच निरोप वाचणाऱ्याला आपण कशाला उत्तर देतो आहोत हे कळेल. बेळगाववर बोलायचे असेल तर त्याने खुशाल बोलावे, पण आधी तसे लिहावे.