उटण्याची वाटी



नव्या मुंबईंत वाशीच्या मसाला बाजाराजवळून जातांना हळदीचा वास आला, कीं मला लहानपणची नरकचतुर्दशी आठवते. पहांटेच्या काळोखांत आई अंगाला तेल चोळी आणि मग उटणें लावी. त्या वाटींत आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन अशीं द्रव्यें असत. एरवीं मसुराचें वा हरभऱ्याचें पीठ आणि दुधावरची साय एवढ्यावर काम भागे. आज या वाटीविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पैकीं पहिली माझ्या चुकीची आहे.

गेल्या वर्षीं वैशाखांत घरांत लग्न निघालें. "पोरीनें जरा उजळायला हवें," असें कोणीसें माझ्या नातीला म्हणालें आणि ती बिचारी खट्टू झाली. बेसनांत कागदी लिंबू पिळून हातांना व मानेला लावूं का, असें तिनें मला विचारलें. "खुशाल लाव. स्वयंपाकघरांतली वस्तु ती; तिनें काय अपाय व्हावयाचा?" असें मीं मास्तरी थाटांत सांगून टाकलें. लेप लावून ती भर दुपारीं गच्चीवर पापडांची राखण करीत बसली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हात लाल झाले, आग होऊं लागली. मग फोड आले. फोड बरे झाले, पण त्यांच्या जागीं काळसर डाग उमटले, आणि लग्न होऊन दोन महिने लोटले तरी ते गेले नाहींत. लग्नाच्या फोटोंत ती लांब बाह्यांचा पोलका घालून उभी आहे. तो फोटो पाहिला, कीं मला माझें उत्तर आठवतें.

कारण डॉक्टरीणबाईंनीं समजावून दिलें. कागदी लिंबाच्या रसांत, विशेषतः सालींत, अशीं कांहीं द्रव्यें असतात, कीं तीं अंगावर असतां उन्हांतील अतिनील किरण पडले, म्हणजे त्वचा भाजल्यासारखी होते. अपाय लगेच दिसत नाहीं, एकदोन दिवसांनीं दिसतो. म्हणून लिंबावर कोणाचा संशयही जात नाहीं. शिवाय निरोगी त्वचा स्वभावतःच किंचित् आम्ल असते. लिंबाचा रस तिच्याहून शेकडो पटींनीं अधिक आम्ल, आणि खाण्याचा सोडा नेमका उलट गुणाचा. हीं दोन्हीं स्वयंपाकांतच शोभतात, चेहऱ्यावर नव्हेत.

आतां दुसरी गोष्ट. सन १९९५ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखमा भरून आणण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ मध्यें त्याला हरकत घेतली. तिचे प्रमुख त्या वेळीं डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने लेखी पुरावे पुढें ठेवण्यांत आले आणि १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. आपल्याला अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या निकालाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. हा उपयोग नवा नाहीं, एवढेंच त्यांत ठरलें. हळद सर्व व्याधींवर गुणकारी आहे, असें ठरलें नाहीं. जुनें असणें निराळें आणि निर्धोक असणें निराळें. या दोहोंची गल्लत मीं केली, तिची किंमत मात्र नातीनें दिली.

मग उटणें टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. तेल आणि साय त्वचेंतील ओलावा राखतात. बारीक पीठ अंगावरचें तेल व मळ शोषून घेतें. पीठ वस्त्रगाळ असावें, कारण भरड कणांनीं ओरखडे उठतात. हळद अखंड आणून घरीं कुटावी. तयार पुडींत भडक रंगाची भेसळ असूं शकते. भिजवलेला लेप लागेल तेवढाच करावा, शिळा ठेवूं नये. कोणतेंही नवें द्रव्य आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस थोडेंसें लावून एक दिवस वाट पाहावी. आणि लिंबू हाताळलें, तर साबणानें स्वच्छ धुतल्यावांचून उन्हांत जाऊं नये.

शेवटीं एक विनंति. माणसाचा वर्ण त्वचेंतील रंगद्रव्यानें ठरतो. वाटींतल्या कोणत्याही लेपानें तो बदलत नाहीं. उटणें स्वच्छतेसाठीं आहे, सुगंधासाठीं आहे, आणि आईच्या हातानें तें लागतें तेव्हां मायेसाठीं आहे. तें मुलीला उजळ करण्यासाठीं नाहीं. गेल्या दिवाळींत नातीनें मला विचारलें, "आजोबा, यंदा उटणें लावूं ना?" मीं म्हटलें, "लाव, बाळ; पण तूं आहेस तशीच छान आहेस म्हणून लाव." हें वाक्य मीं वैशाखांतच बोलावयास हवें होतें. आपल्या घरीं तें वेळेवर बोललें जावो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.