सिनेमा कसा वाटला?

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला घरी, कचेरीत किंवा लोकलच्या डब्यात एकच प्रश्न विचारला जातो : 'कसा आहे?' उत्तर बहुधा दोन-चार शब्दांत मिळते. 'बरा आहे.' 'पैसा वसूल.' 'पहिला भाग भारी, नंतर रेंगाळतो.' 'एकदा बघायला हरकत नाही.' 'ओटीटीवर आला की बघ, थिएटरला जाऊ नकोस.' ही उत्तरे समीक्षेत गणली जात नाहीत. ती कुठे छापली जात नाहीत आणि चार दिवसांनी बोलणाऱ्यालाही आठवत नाहीत. तरी चित्रपट चालतो की पडतो हे मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरच ठरते. चित्रपटाच्या धंद्यात अशा तोंडी प्रसाराला माउथ पब्लिसिटी म्हणतात. जाहिरातीवर हात सैल सोडून खर्च करणे बहुतेक मराठी निर्मात्यांना परवडत नाही. त्यामुळे मराठी चित्रपटाला तर या तोंडी मताचाच मुख्य आधार असतो.

समीक्षक चित्रपटाविषयी लिहितो तेव्हा वाचणारा कोण, हे त्याला ठाऊक नसते. प्रेक्षक मात्र समोरच्या माणसाशी बोलत असतो. एकच चित्रपट पाहून आलेला मुलगा आईला सांगतो, 'तुला नाही झेपणार, मारामारी फार आहे,' आणि मित्राला सांगतो, 'चुकवू नकोस.' ही दोन्ही मते खरी असतात, कारण त्यांत चित्रपटाबरोबर ऐकणाऱ्याचाही विचार असतो. आईला कशाने त्रास होतो आणि मित्राला काय आवडते, हे बोलणाऱ्याला माहीत असते. तिकिटाचा खर्च, जाण्यायेण्याचा वेळ, लहान मुले सोबत असतील का, हा हिशेबही त्याने न बोलता केलेला असतो. एवढी नेमकी शिफारस कोणतेही छापील परीक्षण करू शकत नाही.

अशा मताला पसरायला पूर्वी भरपूर वेळ मिळत असे. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 मध्ये आला आणि मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 मध्ये पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात लागला आणि तेथे 131 आठवडे राहिला. अडीच वर्षे! आठवड्याच्या बाजाराला किंवा कोर्टकचेरीच्या कामाला शहरात आलेला माणूस तो पाहून परत जाई, गावात सांगे आणि पुढच्या खेपेला गावातले आणखी चार जण येत. यात्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजचेही असेच होते. एका गावच्या यात्रेत लोकांना चित्रपट आवडला की त्याचा बोलबाला पुढच्या गावी तंबूच्या आधी पोचलेला असे.

1991 च्या 'माहेरची साडी'ने या मताची ताकद ठळकपणे दाखवली. विजय कोंडके यांनी एका राजस्थानी चित्रपटावरून तो केला आणि मुख्य भूमिकेत अलका कुबल होत्या. कथेतला भडकपणा उघड होता आणि जाणकारांनी त्याला नाकेही मुरडली. पण जन्मापासून बापाला नकोशी झालेली आणि सासरीही छळ सोसणारी मुलगी पाहायला खेड्यापाड्यांतल्या बायका गटागटाने आल्या. 'फार रडू येतं' हे त्या एकमेकींना सांगत. ती तक्रार नव्हती, शिफारस होती. ज्या बायकांना घरात मोकळेपणाने रडण्याचीही सोय नव्हती, त्यांना काळोख्या चित्रपटगृहात ती मिळत होती. कलेच्या कसोटीवर हा चित्रपट फार उंच जात नाही; तरी त्या प्रेक्षकांनी त्याच्याविषयी जे म्हटले ते चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. त्या बायका चित्रपटाची बांधणी जोखत नव्हत्या, आपले आयुष्य त्याच्याशी ताडून पाहत होत्या.

सहज व्यक्त होणारे मत कसे तयार होते, हे पाहिले तर शेवटाला फार महत्त्व असल्याचे दिसते. प्रश्न विचारला जातो तेव्हा मनात ताजे असते ते शेवटचे दृश्य. एखाद्या चित्रपटाची पहिल्या दीड तासाची मेहनत शेवटच्या दहा मिनिटांत वाया जाऊ शकते, आणि साधारण चाललेला चित्रपट चांगल्या शेवटावर तरून जातो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या पूर्वार्धात प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून नाचत होते. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी तो भाग भारलेला आहे. वेगवेगळ्या जातींतले प्रेमी आर्ची आणि परशा पळून हैदराबादला जातात तेव्हा चित्रपटाची चाल बदलते. शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन घरी येतात. ती हरखून त्यांना चहा करते. तिचे लहान मूल त्या वेळी शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. ते परत येते तेव्हा आईवडील रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. ते रडत माघारी वळते आणि त्याची इवली तांबडी पावले फरशीवर उमटत जातात. पडद्यावर कसलाही आवाज उरलेला नसतो.

हा शेवट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला 'कसा आहे?' याचे उत्तर पटकन देता येत नाही. 'सैराट'बद्दल लोक 'गाणी भारी आहेत, पण शेवट...' असे म्हणून थांबत, आणि मग 'तू बघच' म्हणत. त्या अर्धवट वाक्याने असंख्य लोकांना चित्रपटगृहाकडे नेले. ग्रामीण भागात काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले आणि मराठीतल्या कमाईचे तोवरचे सगळे उच्चांक मोडले गेले. पूर्वार्धातल्या नाचगाण्यासाठी आलेल्यांना त्यामुळे जातीच्या हिंसेपुढे उभे राहावे लागले. मंजुळे यांच्याच 'फँड्री'चा विषयही जात हाच होता. त्याचा शेवट पडद्यातून थेट प्रेक्षकाच्या दिशेने येणाऱ्या दगडावर होतो. त्याचे पुष्कळ कौतुक झाले, पण तो एवढ्या दूरवर पोचला नाही. उत्सवासारखा पूर्वार्ध असल्याशिवाय इतके लोक 'सैराट'चा शेवट पाहायला आलेच नसते, हे मान्य करावे लागते.

'संथ आहे' हे मराठी प्रेक्षकाचे आणखी एक आवडते मत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'च्या वाट्याला ते भरपूर आले. 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ओरिझोंती विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले आणि एप्रिल 2015 मध्ये तो चित्रपटगृहांत आला. एका लोकशाहिरावर चाललेल्या खटल्याची ही गोष्ट आहे. शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. पुष्कळांना चित्रपट संपला असेच वाटते. त्यानंतर न्यायाधीश कुटुंबाच्या गोतावळ्यासह सहलीला गेलेले दिसतात. दुपारी ते बाकावर डुलकी घेतात, पोरे ओरडून त्यांना दचकवतात, हाती लागलेल्या एका मुलाला ते थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. येथे चित्रपट संपतो.

या चित्रपटाला संथ म्हणणारा प्रेक्षक खोटे बोलत नाही. कॅमेरा हलत नाही, वकील कलमे वाचत राहतात, तारखा पडत राहतात. पण 'संथ' एवढेच सांगितले की ऐकणाऱ्याला निम्मीच माहिती मिळते. भारतातल्या खालच्या न्यायालयाचा वेळ कसा जातो, हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. कंटाळा आला ही प्रतिक्रिया आहे. तो कशाने आला हे सांगितले तर तिचे मत होते. 'कोर्टात दिवसभर बसल्यासारखं वाटतं' असे कोणी म्हटले असेल, तर त्याने चित्रपट अचूक ओळखला आणि ज्याला असा अनुभव हवा आहे त्याला तो शोधूनही दिला.

नाटकावरून केलेल्या चित्रपटांविषयीच्या मतांत पिढीचे अंतर पडते. 'कट्यार काळजात घुसली' नोव्हेंबर 2015 मध्ये आणि 'नटसम्राट' 1 जानेवारी 2016 रोजी आला. ज्यांनी वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब आणि डॉ. श्रीराम लागू यांचे अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर पाहिले होते, त्यांच्या बोलण्यात जुन्या प्रयोगाची आठवण आधी येई. नातवंडे मूळ नाटक न पाहताच आली होती. एकाच घरातून दोघे जात आणि दोन वेगळे चित्रपट पाहून परत येत. जेवणाच्या ताटावर चालणारा हा वाद नाट्यसंगीताच्या प्रसाराला एखाद्या परिसंवादापेक्षा नक्कीच अधिक उपयोगी पडला असेल.

केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ला 30 जून 2023 पासून जी गर्दी लोटली, तीही बायकांच्या बोलण्यातूनच. सहा बहिणी, त्यांच्यातली जुनी अढी आणि मंगळागौरीची स्पर्धा अशी त्याची साधी गोष्ट आहे. भिशीच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटांवर ती पसरली. बायका नऊवारी नेसून, आख्ख्या रांगा आरक्षित करून गेल्या. येथे मत आणि बेत एकाच वाक्यात येत होते : 'मस्त आहे, मी पुन्हा येते, चला.' सहा अभिनेत्रींना मध्यभागी ठेवलेला चित्रपट एवढा मोठा चालला, याचे श्रेय मोठ्या अंशी या निरोपांना आहे.

मात्र आता वेळ फार थोडा मिळतो. 1997 मध्ये दिल्लीच्या साकेत भागात देशातला पहिला मल्टिप्लेक्स सुरू झाला आणि पुढे शहरांतली एकपडदा चित्रपटगृहे मागे पडत गेली. मल्टिप्लेक्समध्ये शुक्रवार ते रविवारची तिकीटविक्री पाहून सोमवारी खेळ कमी केले जातात किंवा गैरसोयीच्या वेळी ढकलले जातात. 2009 मध्ये हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा वाद होऊन जे सूत्र ठरले, त्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के असा घसरत जातो. या धर्तीच्या व्यवहारात ज्या चित्रपटाचे नाव हळूहळू होते, त्याला गर्दी वाढते तेव्हाच प्रत्येक तिकिटामागे कमी पैसे मिळतात. नाव होण्याआधीच खेळ गेला तर तेवढेही मिळत नाहीत. मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून 2015 मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्ससाठी नियम करावा लागला. सुरुवातीला संध्याकाळी 6 ते 9 ही वेळ सांगितली गेली होती. नंतर ती दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल करण्यात आली. दुपारी बाराला कामावर असलेल्या माणसाला या सवलतीचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे.

तोंडी मताची जागा घेऊ पाहणारे तारे आणि टक्केवारी यांच्याकडेही सावधपणे पाहायला हवे. रॉटन टोमॅटोज या अमेरिकन संकेतस्थळावर 90 टक्के दिसले म्हणजे चित्रपटाला शंभरापैकी नव्वद गुण मिळाले असे नाही. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचा कौल अनुकूल होता, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलेला चित्रपट तेथे वर जातो आणि निम्म्यांना झपाटून टाकणारा, निम्म्यांना न पटणारा चित्रपट मध्येच अडकतो. 'कोर्ट'सारख्या चित्रपटाचे मोल अशा आकड्यात मावत नाही. शिवाय आकडा देणारा अनोळखी असतो. आपल्या मावशीला कोणता चित्रपट आवडतो आणि ती 'बरा' म्हणते तेव्हा तो किती बरा असतो, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

चांगले मत मोठे असावे लागत नाही. त्यात चित्रपटातली एखादी गोष्ट असली की पुरे. संदीप सावंत यांचा 'श्वास' 2004 मध्ये आला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा हा चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाच्या डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात येतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार असे त्यांना कळते. 'रडवतो' एवढेच ऐकून अनेकांनी जायचे टाळले असेल. पण 'आंधळा होण्यापूर्वी नातवाला जग दाखवायचं म्हणून आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात' असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला चित्रपट कशाविषयी आहे ते कळते, शेवट फुटत नाही आणि जावे की नाही हे त्याचे त्याला ठरवता येते. चित्रपट आवडला नसेल तरी हीच रीत चालते. कुठे बिनसले ते एका वाक्यात सांगितले की ऐकणारा आपल्या आवडीनुसार त्यातून योग्य तो अर्थ काढतो.

तेव्हा विनंती अशी, की मराठी चित्रपट पाहिलात आणि आवडला, तर त्यातला एक प्रसंग निवडून चार जणांना सांगा, आणि तो रविवारच्या आत सांगा. सोमवारी त्याचा खेळ राहील याची खात्री नसते.