संत सिसिलिया आणि पायांशीं पडलेलीं वाद्यें
(ज्युबिलीनिमित्त गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



या मंगलप्रसंगीं गायकवृंदाची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्याविषयीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं इटालियन चित्रकार राफाएल यानें इ. स. १५१५ च्या सुमारास रंगविलेलें एक वेदीचित्र आम्ही निवडिलें आहे. एलेना दुल्योली या धर्मशील विवाहित स्त्रीनें बोलोन्या नगरींत संत योहानाच्या मंदिरांत सिसिलियेची वेदी उभारिली. तिच्यासाठीं हें चित्र झालें. नेपोलियनच्या काळीं फ्रेंचांनीं तें पॅरिसला नेलें. १८१५ सालीं तें परत आलें व आज बोलोन्याच्याच चित्रसंग्रहालयांत आहे.

चित्र पाहणारास प्रथम नवल वाटतें. संगीताची ही आश्रयदाती वाजवीत नाहीं, गातही नाहीं! हातांतील लहानसा ऑर्गन तिनें खालीं कलता धरिला आहे; त्याच्या नळ्या निसटत आहेत. पायांशीं तंतुवाद्य, बांसऱ्या, डफ, झांजा अशीं वाद्यें विखुरलीं आहेत. तिची दृष्टि मात्र वर लागली आहे. तेथें मेघ दुभंगून सहा देवदूत ग्रंथ उघडून गात आहेत.

मग संगीत देवास नावडतें काय? तसें असतें तर स्वर्गांत गायन कशास दाखविलें असतें? जुनें चरित्र सांगतें कीं, विवाहदिनीं वाद्यें वाजत असतां सिसिलिया अंतःकरणांत केवळ प्रभूसाठीं गात होती. तोच भाव येथें उतरला आहे.

तिच्याभोवतीं चार संत उभे आहेत. संत पौल तलवारीवर हात टेकून त्या वाद्यांकडे विचारमग्न दृष्टीनें पाहत आहे. प्रीति नसेल तर माणसाची वाणी झणझणणारी झांज होय, असें करिंथकरांस लिहिणारा तोच. संत योहानाशेजारीं संत ऑगस्टीन आहे. गीताच्या अर्थापेक्षां गळ्याच्या गोडीनेंच मन अधिक हललें तर तें पाप होय, असें त्यानें आत्मनिवेदनांत लिहिलें. तरीही मंदिरांतील गायन बंद करावें, असें तो म्हणाला नाहीं.

गायकहो, तुमच्या फिडलाचा व हार्मोनियमचा स्वर आम्हांस प्रिय आहे. परंतु सणाच्या मिसेस पुढें कोणी उभें राहावें, एकट्यानें कोणी गावें, यावरून मनें दुखावलीं, तर वाद्य शाबूत राहून गीत मोडलें असें समजावें.

चित्रांतील मारिया माग्दालेना तेवढी थेट आपणांकडे पाहत आहे. जणूं ती विचारते, तुम्ही कोणासाठीं गातां? दरसाल २२ नोव्हेंबरला सिसिलियेचा सण येतो. त्या दिवशीं वेदीपुढें उभें राहून प्रत्येकानें याचें उत्तर द्यावें. प्रभूची कृपा तुम्हां सर्वांवर असो.