बोटीवरची बक्षिसी आणि घरचे पोस्त

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



बोटीच्या प्रवासाविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. समुद्र कसा दिसतो आणि जेवणाला किती पदार्थ असतात, हे तुम्ही सगळ्याजणी हल्ली मोबाइलवर पाहताच. जन्मभर कन्हानचे पाणी पाहिलेल्या बाईने लाटांचे वर्णन करावे, हे काही खरे नव्हे. पण त्या चार रात्रींत एका गोष्टीने मला फार छळले, आणि ती गोष्ट बोटीवरची असली तरी आपल्या प्रत्येकीच्या घरातली आहे. आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला खुशीने काही द्यायचे, तर ते रोख द्यावे की वस्तू द्यावी? आज तेवढेच बोलते.

लेक आणि जावई आम्हा दोघांना सिंगापूरहून बोटीने पेनांग आणि फुकेतला घेऊन गेले. बोट कसली, पाण्यावर तरंगणारे गावच ते. खोली आवरणाऱ्याला आणि टेबलावर वाढणाऱ्याला शेवटच्या दिवशी काही देण्याचा तिकडे प्रघात आहे, हे जावयांनी आधीच सांगितले होते. ‘नोट दे आणि मोकळी हो,’ असे आमच्याकडचे म्हणाले. मला ते पटले नाही. ज्याने आपले अंथरूण घातले, त्याच्या हातावर नोट टेकवायची म्हणजे त्याला तू नोकर आहेस असे बजावून सांगण्यासारखे, असे मला वाटे. म्हणून मी कामठीहूनच तयारीने निघाले. संत्राबर्फीचे दोन डबे, मी स्वतः विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ आणि चांगला वीतभर उंचीचा पितळी गणपती, एवढे सामान माझ्या पेटीत होते. विमानतळावर त्या गणपतीपायी वजन वाढले आणि आमच्या ह्यांचे दोन स्वेटर बाहेर काढावे लागले, ते मी येथे सांगत नाही.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा, बारदेशातला निघाला. गोव्याच्या माणसांचे बोटीशी नाते जुनेच आहे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ असत. बोट मिळेपर्यंत खलाशी तेथे आपली ट्रंक टाकून राहायचे. या मुलाचा आजाही अशाच कुडीत राहिलेला. आम्ही मराठीत बोलतो हे ऐकून पहिल्याच दिवशी त्याचा चेहरा फुलला, आणि मला तर परदेशात भाचा भेटल्यासारखे झाले.

शेवटच्या रात्री मी मोठ्या हौसेने ते सारे त्याच्यापुढे मांडले. त्याने हात जोडले, बर्फीचे डबे घेतले आणि म्हणाला, ‘आंटी, हे आज रात्री आम्ही सगळे मिळून खाऊ.’ टेबलक्लॉथकडे त्याने नुसते पाहिले. मग गणपतीकडे बोट करून अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘ह्याला मी बसवू कुठे?’

भगिनींनो, मला त्या क्षणापर्यंत हे सुचलेच नव्हते. खाली पाण्याच्या पातळीजवळ दोघांत मिळून एक खोली, एकावर एक दोन पलंग, आणि सामानाला एक अरुंद कपाट. करार सात-आठ महिन्यांचा. घरी परतताना विमानात वजनाची मर्यादा आहेच. मागच्या फेरीत कोणी त्याला चिनी मातीची मोठी फुलदाणी दिली होती, ती अजून जेवणघराच्या कोपऱ्यात उभी आहे, असे तो हसत हसत म्हणाला. मी लेकीकडे पाहिले. तिने पर्समधून पाकीट काढले. ते तिने आधीच तयार ठेवले होते, आईचा विरस नको म्हणून गप्प होती इतकेच.

आता या बक्षिसीची व्यवस्था थोडी सांगते. पूर्वी शेवटच्या रात्री प्रत्येक खोलीत कोरी पाकिटे ठेवीत, आणि उतारूंनी त्यांत पैसे घालून ज्याचे त्याला द्यावे अशी रीत होती. आता बहुतेक मोठ्या कंपन्या ही रक्कम बिलातच धरतात. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर अलीकडच्या वर्षांत माणशी रोज १६ ते २० डॉलर पडतात, आणि ते पैसे बऱ्याच जणांत वाटले जातात. तेव्हा बिल नीट वाचल्यावाचून पाकीट भरू नये, आणि बिलात घेतले म्हणून पाकीट देऊच नये असेही नाही. वाटणीत आपल्या मुलाच्या वाट्याला किती येते ते आपल्याला दिसत नाही. हातात दिलेले दिसते. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. २००६ चा सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला. त्यात चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती सांगितली आहे. वाचायला बरे वाटते. पण दहा वजा जाता उरतात किती, तो हिशेब आपण गृहिणी चटकन करू शकतो.

टेबलावर वाढणारी मुलगी फिलिपिन्सची होती. तिकडच्या खलाशाला मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग घरी पाठवावाच लागतो, तसा त्यांच्या सरकारचा नियम आहे. हे ऐकल्यावर माझ्या मनातला उरलासुरला ताठा गेला. जिचा पगार हातात येण्याआधीच आईबापांच्या, भावंडांच्या नावे निघून जातो, तिच्याजवळ स्वतःचे म्हणून काय असेल तर ही बक्षिसी. तिचे ती बूट घेईल, नाहीतर बंदरावर उतरून कॉफी पिईल, आणि त्यात माझी आवड आड येणार नाही.

आणखी एक वेडेपणा मी करणार होते. प्रवासभर साठलेली सिंगापूरची नाणी रुमालात बांधून तिला देणार होते. जावयांनी थांबवले. परदेशी नाणी सराफ बदलून देत नाही, नोटाच घेतो. म्हणजे ते देणे नव्हते, माझ्या पर्सचे ओझे दुसऱ्याच्या पर्समध्ये टाकणे होते.

त्या गोव्याच्या मुलाने स्वतःच्या तोंडाने मात्र एकच गोष्ट मागितली. कंपनीच्या अभिप्रायाच्या कागदावर त्याचे नाव, अक्षरे न चुकता, लिहावे. उतारूंनी नाव घेऊन केलेली स्तुती वरिष्ठ वाचतात आणि पुढच्या कराराच्या वेळी ती उपयोगी पडते, असे तो म्हणाला. मी दोन्ही बाजू भरून लिहिले.

गणपती परत कामठीला आला. ही हकीकत मी आमच्या कामाच्या बाईंना हसत हसत सांगितली. बावीस वर्षे त्या माझ्याकडे आहेत. त्याही हसल्या, आणि भांडी विसळता विसळता म्हणाल्या, ‘काकू, साड्या तं मी बी भांडेवालीले देतो. दोन साड्या देल्या का एक गंज भेटते.’

दिवाळीच्या देण्याला जुन्या मराठीत पोस्त म्हणत. माझ्याकडचे पोस्त म्हणजे दरवर्षी एक साडी. तिचा रंग मी निवडायची, काठ मी निवडायची, आणि पुढे ती त्यांच्या अंगावर कधी दिसली नाही तर मनात रुसायचीही मीच. ज्या वर्षी त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, त्या वर्षी मी सतराशे रुपयांची साडी आणली होती आणि तुमच्यापैकी चौघींकडून तिचे कौतुक करून घेतले होते. त्याच आठवड्यात बाईंनी फीसाठी दोन हजार रुपये व्याजाने काढले होते. हे मला परवा, त्या गंजाच्या बोलण्यावरून कळले. सांगितले का नाही म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘तुमी इतक्या हौसेनं आनली, मंग काय म्हनू?’

१९६५ साली बोनसचा कायदा झाला. आज तो किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार असतो, आणि कारखान्यातला कामगार तो रोख घेतो. त्याला कोणी शर्टाचे कापड देऊन बोळवत नाही. घरकाम करणारी बाई या कायद्यात बसत नाही, म्हणून तिच्या वाट्याला आपली हौस येते. आपल्या गावची छावणी १८२१ ची. साहेबांच्या काळी नाताळात त्यांच्या बंगल्यांवर फळफळावळीची ‘डाली’ जाई, आणि खानसाम्याला बक्षिसी मिळे ती रोख. मोठ्यांना वस्तू आणि राबणाऱ्याला पैसा, एवढी समज त्या दिवसांतही होती! आणि तान्ह्या पोळ्याला दारी येणाऱ्या पोरांना बोजारा देताना पाहा. बिस्किटाचा पुडा पिशवीत जातो, नाणे मात्र मुठीत राहते.

वस्तू देऊच नये असे माझे म्हणणे नाही. बाईंच्या नातवासाठी मी विणलेले झबले त्यांनी जपून ठेवले आहे, कारण ते त्यांनी मागितले होते. ज्याला आपण ओळखतो त्याला वस्तू द्यावी. बोटीवरच्या मुलाची ओळख चार रात्रींची, तेथे चूक झाली तर क्षम्य. बावीस वर्षांत मी बाईंना ओळखले नाही, त्याला काय म्हणावे?

आता मुद्द्याचे. आपले सभागृह झाडून, सतरंज्या घालून, चहाचे कप विसळून देणाऱ्या सेविकाबाईंचा आज संध्याकाळी सत्कार आहे. कार्यकारिणीत साडी आणि श्रीफळ ठरले आहे. रोख देणे बरे दिसत नाही, असे तेथे म्हणणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे सारे बोलावे लागले. श्रीफळ राहू द्या. साडी अजून घेतलेली नाही, असे खजिनदारबाईंकडून कळले आहे. मी पाकीट आणले आहे, वर रुपया चिकटवलेले. चहा झाला की ते कापडी पिशवीतून फिरेल. कोणी किती घातले ते लिहून घेणार नाही. मात्र पाकिटावर सेविकाबाईंचे पूर्ण नाव घालायचे आहे, आणि इतक्या वर्षांत मला त्यांचे आडनाव ठाऊक नाही. ज्या भगिनीला ठाऊक असेल तिने कृपा करून मला सांगावे.