नाव ट्यूनाचं, स्निग्धता तेलाची

जपानमध्ये ‘नेगितोरो’ आवडीनं खातात. ट्यूनाच्या मधल्या काट्याला चिकटलेलं मांस आणि कातडीखालची चरबी खरवडायची, कच्चीच बारीक करायची, वर कांद्याची पात घालून भाताबरोबर खायची. पण हे निघतं थोडं, मागणी मोठी. म्हणून स्वस्त ट्यूनाच्या कोरड्या मांसात वनस्पती तेल मिसळतात. पर्याय म्हणून ‘आकामान्बो’ माशाचंही नाव घेतलं जातं. तो ट्यूना नव्हेच; पण हवाई बेटांवर तोच ‘ओपा’ म्हणून मानानं ताटात येतो. म्हणजे पर्याय वाईट नसतो, लपवाछपवी वाईट. तिथं पाकिटावर घटक छापावे लागतात; उपाहारगृहात मात्र गिऱ्हाइकानंच विचारायला हवं. जिभेवर विरघळली ती चरबी ट्यूनाचीच, असं समजू नये.